थंडीपासून हॉलीला वाचवणाऱ्यांपासून हॉलीला वाचवा

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात नोव्हेंबर उजाडला की एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक या भागांतल्या टाउनहाउसच्या दारादारांत एक वार्षिक सोहळा सुरू होतो. दाराच्या दोन्ही अंगांना बिल्डरने लावून दिलेली हॉलीची दोन झुडपं असतात. गडद हिरवी चकचकीत पानं, पानांच्या कडेला काटे, आणि नशिबात असलं तर लाल फळं. वर्षभर या झुडपांकडे कुणी ढुंकून बघत नाही. कुरिअरवाला खोकं त्यांच्यात ढकलून जातो आणि ते बाहेर ओढताना मनगटावर ओरखडे उठतात, तेवढीच काय ती दोन्ही पक्षांची गाठभेट. पण फोनवर हवामानाचा पहिला उणे आकडा दिसला, की घरातल्या कर्त्या पुरुषाला अचानक वात्सल्याचा पान्हा फुटतो. दुकानातून गोणपाटाची गुंडाळी येते, सुतळी येते, बागेची कात्री सापडत नाही म्हणून स्वयंपाकघरातली नेली जाते, त्यावरून घरात शब्दाला शब्द वाढतो, आणि अंधार पडेपर्यंत दाराच्या दोन्ही बाजूंना आपादमस्तक गुंडाळलेल्या दोन आकृत्या उभ्या राहतात. शेजारचे कुलकर्णी फिरून येताना थांबतात आणि विचारतात, “कुणाचे पुतळे? अनावरण कधी?” यावर जे उत्तर मिळतं त्यात ‘थंडी’ हा शब्द हमखास असतो. ‘पाणी’ हा शब्द कधीच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे नेमकं उलटं असायला हवं. माझी पात्रता विचाराल, तर बागकामात काहीही न करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, आणि हॉलीला वर्षाचे सहा महिने तोच अनुभव असलेला माणूस लागतो.

या सोहळ्याच्या मुळाशी एक प्रेमळ समजूत आहे. आपल्याला थंडी वाजते, म्हणजे झाडालाही वाजत असणार. पण पांघरूण काही ऊब तयार करत नाही. अंगात तयार झालेली ऊब ते आत धरून ठेवतं. बाळाला दुपट्यात गुंडाळलं की ते गरम राहतं, कारण बाळ स्वतःच एक छोटी शेगडी असते. हॉलीच्या पोटात तसली काही सोय नाही. बाहेर उणे दहा असलं की पानही जवळपास उणे दहा असतं, आणि गोणपाटातलं पानसुद्धा पहाटेपर्यंत तिथेच येऊन पोचतं. शिवाय त्याचं बिघडतही काही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या मानाने देशाचे विभाग पाडले आहेत आणि २०२३ साली त्यांचा नकाशा सुधारून काढला. दर वर्षीची सगळ्यांत गार रात्र घ्यायची, अशा तीस वर्षांची सरासरी काढायची, असा त्याचा हिशेब. मध्य न्यू जर्सी त्यात सातव्या विभागात येतं, म्हणजे वर्षातली सर्वांत वाईट रात्र साधारण उणे १२ ते उणे १८ अंशांची. आता दारातल्या झुडपाच्या फांदीला बिल्डरच्या काळापासून लटकत असलेली चिठ्ठी वाचावी. त्यावर बहुधा ‘ब्लू प्रिन्स’ किंवा ‘ब्लू प्रिन्सेस’ असं काही लिहिलेलं असतं. ही निळसर पानांची हॉली उणे २३ ते उणे २९ पर्यंतचा पाचवा विभाग सोसते, आणि ते काही योगायोगाने नाही. लाँग आयलंडवरच्या सेंट जेम्स गावच्या कॅथलीन मेझर्व्ह या हौशी बागवान बाईंनी १९५० च्या दशकात उत्तर जपानातली एक बुटकी, काटक हॉली आणि देखणी पण नाजूक इंग्लिश हॉली यांचा संकर घडवून आणला, तो मुद्दाम थंडीला पुरून उरणारी संतती मिळावी म्हणूनच. बाईंनी खपून खपून थंडीला न भिणारं झाड तयार केलं, आणि आपण ते आणून थंडी लागेल म्हणून गुंडाळून ठेवतो.

“मग दर मार्चमध्ये पानं करपतात ती कशाने?” हा आक्षेप रास्त आहे, आणि सगळी गंमत याच्या उत्तरात आहे. मेपलसारखी झाडं शहाणी असतात. ती शरद ऋतूत पानांचा व्यवहारच बंद करून टाकतात. हॉली सदाहरित, म्हणजे तिचं दुकान बाराही महिने उघडं. हिवाळ्यातही पानांच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आणि सालीतून थोडं थोडं पाणी उडत राहतं. उन्हाळ्यात ते मुळं भरून काढतात. पण जानेवारी-फेब्रुवारीत वरची माती दगड झालेली असते आणि तिच्यातलं पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं. अशात एखादी लख्ख उन्हाची, बोचऱ्या वाऱ्याची दुपार उगवते. आपण खिडकीतून बघून म्हणतो, “आज काय सुंदर पडलंय!” आणि बाहेर हॉलीचं पान उन्हाने तापून, वाऱ्याने सुकून पाणी गमावत असतं, खालून मात्र एक थेंब येत नाही. थोडक्यात, हॉलीला तहान लागलेली असते, आणि तहानेवर आपला उपाय म्हणजे घोंगडी. करपलेलं पान हातात घेऊन बघितलं तर ते स्वतःच साक्ष देतं. तपकिरी रंग काट्याच्या टोकांपासून सुरू होतो आणि कडेकडेने आत सरकतो, मधली शीर आणि देठाजवळचा भाग बराच काळ हिरवा राहतो. म्हणजे पाणी जिथे सगळ्यांत शेवटी पोचतं, तिथून सुकायला सुरुवात. आणि पूर्ण झुडूप बघितलं तर पुरावा याहून पक्का आहे. एकाच झुडपाची एक बाजू करपलेली असते आणि दुसरी ठणठणीत. थंडी तर दोन्ही बाजूंना सारखीच होती! उलट करपलेली बाजू बहुतेक वेळा दक्षिण-पश्चिमेची, उन्हाची, म्हणजे दिवसा जास्त ऊब मिळालेली, किंवा मग वायव्येच्या वाऱ्याला तोंड देणारी. सावलीतली, आडोशाची, बिचारी गारठलेली बाजू मात्र हिरवीगार. थंडी गुन्हेगार असती तर तिने असा पक्षपात का केला असता, याचं उत्तर गोणपाटवाल्यांनी द्यावं.

ते देत नाहीत, कारण त्यांची तारखेची गफलत झालेली असते. हॉलीचं पान जाड आणि चिवट. पाणी संपलं तरी ते लगेच बोलत नाही, कित्येक आठवडे हिरवेपणाचा बहाणा करतं आणि हवा जरा उबदार झाली की एकदम तपकिरी पडतं. मार्चमध्ये हे दिसतं म्हणून आदल्या आठवड्यातल्या गारठ्याला दोष देणं म्हणजे वर्षभर पुस्तक न उघडता नापास झालेल्याने शेवटच्या पेपरच्या दिवशी उशिरा आलेल्या रिक्षावाल्याला दोष देण्यापैकी आहे. खरी चूक ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली असते. जमीन गोठायच्या आधी मुळांशी भरपूर ओल असावी लागते. पाऊस धरून आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी, सावकाश, वरची फूटभर माती भिजेल असं. हॉलीची मुळं वरवरची असतात, तिला विहिरीएवढं खोल काही नको असतं. सांगायला हे किती सोपं! पण न्यू जर्सीतल्या घरांची रचनाच अशी, की नेमक्या याच दोन महिन्यांत पाणी घालायची सगळी यंत्रणा मोडून ठेवली जाते. ऑक्टोबरात स्प्रिंकलरवाला कॉम्प्रेसर घेऊन येतो आणि जमिनीखालच्या नळ्यांमधला शेवटचा थेंबही हवेने उडवून देतो, नाहीतर नळ्या फुटतात. बाहेरचा नळ तळघरातून बंद करतात, पाइप गुंडाळून गराजमध्ये दिवाळीच्या कंदिलाखाली जातो. घर हिवाळ्यासाठी सज्ज झालं म्हणून यादीवर खूण होते, आणि त्या यादीत झाडाची तहान कुठेच नसते.

याहून मोठा घात सांगली-सातारा विमानसेवा करते. मे महिन्यात मुलाकडे आलेले वडील सहा महिने त्या बागेचे खरे मालक असतात. पहाटे पाचला स्प्रिंकलर आपोआप चालून गेलेला असतो, तरी सहाला हे मग आणि बादली घेऊन हजर. “बाबा, मशीन घालतं पाणी.” “मशीनचं काय सांगावं? आणि त्याला झाड दिसतं का?” जुलै-ऑगस्टात, जेव्हा हॉलीच्या पायाशी चिखल झालेला असतो, तेव्हा तिला दोनदोनदा आंघोळ मिळते. ऑक्टोबर संपत आला की वडील म्हणतात, “आता थंडी सोसायची नाही बुवा,” आणि दिवाळी धरून परत जातात. संपूर्ण घरात पाण्याची बादली उचलणारा एकमेव माणूस बादलीची गरज लागायच्या बरोबर आधी विमानात बसतो. मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर मागे दार दिसतं आणि पलीकडून आवाज येतो, “अरे, ते दारातलं झाड करपलं की!” “हो ना बाबा, यंदा थंडी फार होती.” “मग काही गुंडाळलं नव्हतंस?” “गुंडाळलं होतं.” “आणि पाणी?” “बाबा, इथे बाहेर चार महिने बर्फच असतो, पाणी कसलं घालायचं?” बर्फाच्या ढिगात उभं असलेलं झाड तहानेने सुकू शकतं, हे सांगलीतल्या माणसाला पटत नाही याचं नवल नाही, ते एडिसनमधल्या इंजिनिअरलाही पटत नाही, आणि त्याने तर शाळेत पदार्थांच्या तीन अवस्था पाठ केलेल्या असतात. मुळाला लागतं ते द्रवरूप पाणी. म्हणून डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवस ऊब येऊन माती मोकळी झाली, तर दुपारी स्वयंपाकघरातून दोन बादल्या नेऊन ओतणं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. ते कुणी करत नाही, कारण जॅकेट घालून बर्फाच्या कडेने झाडाला पाणी घालणारा माणूस शेजाऱ्यांना वेडा वाटतो, आणि झाडाला गोणपाटाचा झगा शिवणारा काळजीवाहू.

इथे निसर्गवादी मंडळी हात वर करतात. “जंगलातल्या हॉलीला कोण पाणी घालतं हो?” हा आक्षेप ताकदीचा आहे, कारण जंगलातली हॉली खरंच मजेत असते. न्यू जर्सीच्याच सँडी हुक या वाळूच्या जिभेवर, अगदी समुद्राच्या वाऱ्यात, देशी अमेरिकन हॉलीचं आख्खं जंगल आहे. पलीकडे न्यू यॉर्कच्या फायर आयलंडवर वाळूच्या टेकड्यांमागे दोनशेहून जास्त वर्षांची हॉलीची झाडं उभी आहेत आणि त्यांच्या आयुष्यात गोणपाटवाला एकदाही आलेला नाही. शेजारच्या डेलावेअर राज्याने १९३९ साली हिलाच राज्याचं झाड केलं, आणि न्यू जर्सीतलं मिलव्हिल स्वतःला हॉलीचं शहर म्हणवतं. एवढं सगळं कबूल. पण जंगलातल्या हॉलीला मुळं पसरायला चहूबाजूंनी जागा असते, पायाशी स्वतःच्याच पानांचा पालापाचोळा असतो, आणि वाऱ्याला अडवायला भाऊबंद किंवा टेकडी असते. दारातल्या हॉलीला बिल्डरने घराचा काँक्रीटचा पाया आणि फरसबंद वाट यांच्यामधली दोन फुटांची फट दिलेली असते. वर छपराची वळचण पुढे आलेली, त्यामुळे आभाळ फाटलं तरी तिच्या पायाशी पाऊस पोचत नाही. मागे पांढरी भिंत, ती हिवाळ्याचं तिरपं ऊन परतवून पुन्हा तिच्याच अंगावर टाकते. मूळ रोपवाटिकेच्या कुंडीत गोल गोल फिरलेलं. अशा झाडाला जंगलातल्या झाडाचं उदाहरण देऊन स्वावलंबनाचे धडे द्यायचे, आणि आपण मात्र हीटर एकवीसवर ठेवून बसायचं, यात मला थोडा ढोंगीपणा दिसतो. लावल्यापासूनची पहिली दोन-तीन वर्षं तरी तिला नोव्हेंबरचं पाणी आणि पायाशी आच्छादन हे दिलंच पाहिजे. लाकडाच्या सालपटांचा पाच-सात सेंटिमीटर थर पुरतो, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकवून डोंगर रचला तर त्या उबदार डोंगरात व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी संसार थाटतात आणि हिवाळाभर बसल्या जागी साल खातात.

गोणपाटाच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. वारा अडवायला ते उपयोगी आहे. नवीन झाड असेल, वायव्येचा वारा थेट अंगावर येत असेल, तर त्या बाजूला तीन-चार खुंट्या ठोकून त्यांना गोणपाटाचा पडदा लावावा. झाडाला न टेकणारा, वरून उघडा. यात पांघरूण नाही, आडोसा आहे. पण आडोसा करून माणसाचं समाधान होत नाही. झाड दिसतंय म्हणजे काळजी अर्धवट झाली, असं त्याला वाटत राहतं, म्हणून तो त्याला चारी बाजूंनी आवळतो, वर गाठ मारतो, आणि ओल्या गोणपाटावर बर्फ गोठला की ते सगळं ओझं काटेरी फांद्यांना चिकटतं. जो याहून उत्साही असतो तो गोणपाटाऐवजी पारदर्शक प्लास्टिक वापरतो. उन्हाच्या दुपारी त्या प्लास्टिकच्या आत मे महिना होतो, पानं जागी होऊन पाणी खर्च करू लागतात, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा जानेवारी. याला काळजी म्हणायचं की छळ, हे हॉलीला विचारावं. काही वसाहतींच्या असोसिएशन या पोशाखांवर हरकत घेतात. “दर्शनी भागात अनधिकृत आवरण आढळले,” असं पत्र येतं आणि मालक चिडतो. झाडाचे खरे हितचिंतक कोण, हे या प्रसंगी असोसिएशनलाही ठाऊक नसतं. मग दुकानदार तिसरा उपाय पुढे करतो: पाइनच्या राळेपासून केलेला फवारा, जो पानांवर पातळ थर देऊन पाणी उडणं कमी करतो. त्याच्या फायद्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण निदान त्याचा नेम तरी बरोबर ठिकाणी आहे, तहानेवर. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, की कोरड्या दिवशी, शून्याच्या बरेच अंश वर असताना मारावा आणि मध्ये पुन्हा एकदा मारावा. तो मारला जातो वादळाच्या आदल्या रात्री, टॉर्चच्या उजेडात, एकदाच.

बर्फ पडल्यावर माणसाचं काय होतं, हा तर स्वतंत्र विषय आहे. वाकलेली फांदी बघून त्याच्याने राहवत नाही. तो झाडू घेतो आणि वरून बदडायला लागतो. गोठलेली फांदी ठिसूळ झालेली असते, ती बर्फाच्या ओझ्याने मोडली नसती ती झाडूने मोडते. जड, ओला बर्फ काढायचाच असेल तर खालून वर, हलकेच उचलत काढावा. आणि पारदर्शक बर्फाचा थर चढला असेल तर हात खिशात घालून घरात यावं, तो आपोआप वितळतो. पण हात खिशात घालून घरात येणं ही भारतीय संस्कारांत न बसणारी गोष्ट आहे. म्हणून चहाचं उरलेलं आधण ओतून बर्फ वितळवण्याचे प्रयोग होतात. खरं म्हणजे भुसभुशीत बर्फाखाली झाकलेली पानं वसंतात हिरवीगार निघतात, त्यांच्या वरची उघडी राहिलेली करपतात; कारण त्या थराखाली ऊनही नाही आणि वाराही नाही. फुकटात मिळालेलं हे सर्वांत उत्तम आवरण माणूस झटकून टाकतो आणि दुकानातून पैसे देऊन आणलेलं वाईट आवरण गुंडाळतो. पाठोपाठ मिठाची पाळी. दारासमोर कुणी घसरून पडू नये म्हणून पायऱ्यांवर खडे मीठ मुठी-मुठीने उधळलं जातं, पाव्हणे येणार असतील तर दुप्पट. मग फावडं घेऊन तोच खारट बर्फ उचलायचा आणि जवळची जागा म्हणून कुठे टाकायचा, तर दोन्ही बाजूंच्या हॉलीच्या मुळाशी. मीठ मातीतलं पाणी मुळांच्या हाती लागू देत नाही, म्हणजे पुन्हा तहानच. मिठाऐवजी वाळू टाकली तर पाय घसरत नाही आणि झाडही जगतं, पण वाळू घरात येते, आणि घरात वाळू आलेली चालत नाही. झाड सुकलेलं चालतं.

कात्रीचंही असंच उलटं आहे. ऑगस्टनंतर हॉली छाटू नये, कारण छाटलं की तिला कोवळे धुमारे फुटतात आणि ते जून व्हायच्या आत पहिलं हिव येऊन त्यांना गारद करतं. खतही तेव्हा घालू नये, त्याच कारणासाठी. आपली दिवाळीची साफसफाई मात्र बरोबर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. घरातली जळमटं निघाली, गालिचे झटकले, की तोच हात पुढे बाहेर सरकतो. “दारात सगळं कसं नीटनेटकं हवं, लक्ष्मी येणार.” हॉली चौकोनी होते, वर उरलेलं खत ओतलं जातं, लक्ष्मी येऊन जाते, कोवळे धुमारे येतात, आणि हिव त्यांना घेऊन जातं. याउलट डिसेंबरमध्ये, झाड झोपलेलं असताना, नाताळच्या तोरणासाठी चार फांद्या कापल्या तर तिला काही होत नाही. युरोपात पिढ्यान्पिढ्या लोक तेच करत आलेत. पण तेव्हा आपल्या घरी कुणी हात लावू देत नाही. “अहो, एवढ्या थंडीत तिला कापताय? जिवंत आहे ती!” जिवंत असल्याची आठवण ऑक्टोबरात झाली असती तर बरं झालं असतं. फोनवरून येणाऱ्या सल्ल्यांबद्दल एवढंच सांगतो, की चुन्याची निवळी आणि चुलीतली राख हे गावाकडचे उपाय हॉलीला चालत नाहीत. तिला आंबट माती लागते, ब्लूबेरीला लागते तशीच. न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या आंबट वाळूत एलिझाबेथ व्हाइट बाईंनी रानटी ब्लूबेरी माणसाळवून १९१६ साली तिचं पहिलं पीक बाजारात आणलं, आणि नंतर त्याच बाई हॉलीच्या मागे लागून १९४७ साली अमेरिकेच्या हॉली सोसायटीच्या स्थापनेत पुढे होत्या. त्यांनी दोन्हींना एकाच मातीत पाहिलं यात सगळं आलं. काँक्रीटच्या पायातून झिरपणारा चुना तिला आधीच नको तेवढा मिळत असतो.

फळं न धरण्याचं खापरही थंडीवर फुटतं. “मागच्या वर्षीच्या थंडीने गेली सगळी.” आता हॉलीमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फळं मादीलाच येतात, आणि तीही जवळपास नर असेल आणि मे महिन्यात मधमाश्यांनी ये-जा केली तरच. मेझर्व्ह बाईंच्या जातींची नावं प्रिन्स आणि प्रिन्सेस ठेवलीत ती दुकानात कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणूनच असावीत, पण गोंधळ होतोच. दुकानात लाल फळांनी लगडलेली प्रिन्सेस दिसते, तिच्या शेजारी फळं नसलेला, ओकाबोका प्रिन्स उभा असतो. मराठी माणूस चोखंदळ. तो म्हणतो, “याला काय करायचंय? दोन्ही तसल्याच द्या.” दोन प्रिन्सेस दाराच्या दोन अंगांना उभ्या राहतात आणि वर्षानुवर्षं बिनफळांच्या. लग्नं जुळवण्यात ज्यांचा हातखंडा, पत्रिकेतली नाडी बघितल्याशिवाय जे पुढे बोलत नाहीत, त्या घरांच्या दारात हे व्हावं! एखाद्याच्या दोन झुडपांना फळं धरतात ती पुढच्या गल्लीतल्या अनोळखी प्रिन्सच्या कृपेने, आणि श्रेय मात्र गोणपाट घेऊन जातं. धरलेली फळं फेब्रुवारीत एका सकाळी दिसेनाशी झाली तर तोही थंडीचा प्रताप नव्हे. रॉबिन पक्ष्यांचा थवा येऊन गेलेला असतो. त्यांना ती पचतात. मुलांना आणि कुत्र्याला पचत नाहीत, म्हणून खालच्या फांद्यांवरची खुडून टाकलेली बरी.

उरला प्रश्न करपलेल्या झुडपाचा. मार्चच्या शेवटी बर्फ वितळतो, दारात दोन तपकिरी सांगाडे दिसतात, आणि शनिवारी सकाळी कर्ता पुरुष करवत घेऊन बाहेर पडतो. त्याला थांबवणं हे हिवाळ्यातलं सगळ्यात अवघड काम. फांदीवर नखाने जराशी साल खरवडून बघावी. खाली ओला हिरवा रंग दिसला तर फांदी जिवंत आहे. हॉलीच्या कळ्या पानांपेक्षा जास्त सोसतात, त्यामुळे पानं मेली तरी मे महिन्यात त्याच फांदीवर नवी फुटतात. मेअखेरपर्यंत वाट बघून मग काय ते कापावं. “पण तोवर लोक बघतात ना!” हा यावरचा एकमेव आक्षेप आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. धीर धरून ज्याने तो मे महिना गाठला, त्याच्यापुढे शेवटचा पेच उभा राहतो. चहूकडे सगळ्या झाडांना पालवी फुटत असताना हॉलीची आतली, दोन-तीन वर्षांची जुनी पानं पिवळी पडून भराभर गळायला लागतात. हॉलीची पानगळ वसंतात असते, दर वर्षी असते, तिच्यात काळजीचं काही नाही. पण कोणत्याच मालकाला हे खरं वाटत नाही. तो पिवळं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात नेतो. काउंटरवरचा मुलगा पान उलटंपालटं करून म्हणतो, “नॉर्मल आहे, काही करू नका.” मालकाच्या चेहऱ्यावरची निराशा बघून त्या मुलालाही कसंतरी होतं. तो जरा विचार करतो आणि म्हणतो, “तसं गोणपाट सध्या निम्म्या किमतीत आहे.” मालक दोन गुंडाळ्या घेतो.